हर्षद, बाबा आणि माझे साडेचार स्टार

माझा मोबाइल वाजला आणि बाबा जेवता जेवता ओरडले, 'आधी ते बंद कर!'

ही गोष्ट ऑक्टोबर २०२०ची. 'स्कॅम १९९२' सोनी लिव्हवर नुकतीच आली होती आणि बाकी अर्ध्या भारतासारखी मीही तिची टायटल ट्यून रिंगटोन म्हणून लावली होती. अचिंत ठक्करची ती ट्यून माहीत नाही असा माणूस मला दाखवाच! तर बाबा ओरडले आणि मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, लॉकडाऊनचं फ्रस्ट्रेशन. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये चार माणसं सात महिने कोंडलेली, त्यात मे महिन्यात माझी पहिलीवहिली नोकरी गेलेली. कोण कशावरून ओरडेल याचा नेम नव्हता. रिंगटोन बदलली आणि विषय संपला.

तो संपला नव्हता, हे कळायला मला यंदाचा पावसाळा उजाडावा लागला.

आधी थोडं माझ्याबद्दल. मास कॉम केलं, पेपरात लागले, पेपरातून सुटले (खरं तर सोडवले गेले) आणि तेव्हापासून फ्रीलान्स. फ्रीलान्स म्हणजे काय, तर येईल ते काम घ्यायचं. हॉटेलांची ओळख, 'पावसाळ्यात केसांची निगा', बिल्डरच्या माहितीपत्रकातली 'निसर्गाच्या कुशीत'वाली वाक्यं... सगळं केलंय. पण माझी खरी भाजी-भाकरी म्हणजे वेबसिरीजचे रिव्ह्यू. पाचशे शब्द, चार दिवसांची मुदत आणि शेवटी स्टार. लोकांना फक्त ते स्टारच हवे असतात, मधले पाचशे शब्द माझी आई वाचते.

शिवाय आमचा ग्रुप आहे. सात जण, पार्ल्यातला ठरलेला कॅफे, महिन्यातला एक रविवार. पूर्वी लोक भेटल्यावर पावसापाण्याचं विचारायचे, आम्ही 'काय बघतोयस सध्या?' विचारतो. प्रत्येकाकडे मत असलंच पाहिजे, हा अलिखित नियम. 'अ‍ॅडोलसन्स'चे चारही एपिसोड कसे प्रत्येकी एका सलग टेकमध्ये शूट केलेत, यावर आमच्यातल्या बँकरने तासभर घेतला होता. (त्या तेरा वर्षांच्या मुलाबद्दल त्याला काय वाटलं, ते मात्र कळलंच नाही.) 'पाताल लोक'चा दुसरा सीझन पाच वर्षांनी का होईना, पण नागालँडला जाऊन आला आणि पैसा वसूल करून आला, यावर सगळ्यांचं एकमत. 'पंचायत'चा चौथा सीझन निवडणुकीतच अडकून पडला असं माझं म्हणणं, त्यावर अर्धा ग्रुप माझ्या अंगावर आला. 'मानवत मर्डर्स'मध्ये मकरंद अनासपुरेंना गंभीर भूमिकेत बघून मी कशी हादरले, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. म्हणजे आपण मराठीही बघतो, हे कळायला नको?

आणि एक कबुली. यातल्या निम्म्या सिरीज मी दीडपट स्पीडने बघितल्यात. एक तर अर्धीच बघितली होती. तरी तिला तीन स्टार दिले.

'स्कॅम १९९२' मात्र मी नॉर्मल स्पीडने, दोन रात्रींत संपवली होती. दहा एपिसोड! हंसल मेहतांचं डिरेक्शन, प्रतीक गांधी नावाचा तोपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसलेला गुजराती नट आणि सुचेता दलाल झालेली श्रेया धन्वंतरी. सुचेता दलाल यांनी २३ एप्रिल १९९२ला टाइम्स ऑफ इंडियात ती बातमी फोडली. पुढे त्यांनी आणि देबाशिष बसू यांनी लिहिलेल्या पुस्तकावरच ही सिरीज बेतलेली आहे. नोकरी गेलेल्या तेवीस वर्षांच्या पत्रकार मुलीला एक बाई नोटपॅड घेऊन अख्खा दलाल स्ट्रीट हलवताना दिसते... मी वेडी व्हायचीच बाकी होते. रिव्ह्यू लिहिला. साडेचार स्टार. तो माझा फ्रीलान्स म्हणून छापून आलेला पहिला तुकडा. आईने कात्रण कापून फाइलला लावलं.

आणि मी माझ्या धाकट्या भावाला म्हटलं, 'छोटू, तू कॉमर्सवाला नाहीस ना, मग हे बघच. शेअर मार्केट म्हणजे काय ते कळेल.'

छोटू तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. घरात त्याला आम्ही अजून छोटूच म्हणतो, सहा फूट उंच असला तरी. त्याने माझ्यासारखीच दोन रात्रींत सिरीज संपवली आणि पुढच्या आठवड्यात डिमॅट अकाउंट उघडलं. मोबाइलवर, गादीवर लोळत, पॅन आणि आधार समोर ठेवून. रिस्क आणि इश्कवाला तो डायलॉग त्याचं स्टेटस झाला. मला काय वाटलं असेल? अभिमान! माझ्या एका शिफारशीने कुणीतरी काहीतरी केलं होतं.

आता येऊ यंदाच्या जुलैकडे.

मी सध्या अंधेरीला दोन मैत्रिणींबरोबर राहते. गुरुवारी आईचा फोन आला, 'शनिवारी ये. बाबांनी बोलावलंय.' बाबा कधीच कुणाला बोलावत नाहीत, त्यामुळे माझ्या पोटात गोळा. नक्की स्थळ! गाडीत बसल्या बसल्या नकाराची तीन कारणं तयार केली. घरी पोचले तर छोटूही ऐरोलीहून आलेला, चेहरा पाडून सोफ्यावर. बाबांनी टीव्हीचा रिमोट माझ्या हातात दिला.

'ती तुझी हर्षदची सिरीयल लाव. दोघं बसा इथे.'

बाबा वेबसिरीजला सिरीयल म्हणतात. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.

'बाबा, तुम्हाला ती आवडत नाही ना?'

'मी बघितलीच कुठेय? लाव.'

मग ते त्यांच्या खुर्चीत बसले, पाय वर घेतले आणि आम्ही तिघं बघायला लागलो. आई आत पोळ्या करत होती. एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल तेच होतं. छोटूने बाबांकडे पीएफच्या पैशांतले तीन लाख मागितले होते. 'दोन महिन्यांत परत देतो' म्हणून. बाबा २०२२ला रिटायर झाले. ठाण्यातल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आयुष्य गेलं, तेव्हा हिशेब त्यांना येतो. 'कशाला हवेत?' या प्रश्नाचं उत्तर छोटूला देता आलं नव्हतं.

बाबांबरोबर सिरीज बघणं हा एक वेगळाच अनुभव आहे. आमचा ग्रुप कॅमेरा, कटिंग, बॅकग्राउंड स्कोअर बघतो. बाबा कागद बघतात. शेअर्सची सर्टिफिकेट्स पडद्यावर आली की पॉज करायला लावायचे. 'हे असं असायचं बघ. कागद यायचा, त्याला ट्रान्स्फर फॉर्म लावायचा, सही जुळली नाही की परत. महिने जायचे, महिने!' छोटू म्हणाला, 'आता एका दिवसात होतं, बाबा.' बाबा म्हणाले, 'बुडायलाही आता एक दिवस पुरतो का?' छोटूने मोबाइल उलटा करून ठेवला.

बँकांचा तो भाग आला तेव्हा मी म्हटलं, हा भाग मला तेव्हाही नीट कळला नव्हता. (रिव्ह्यूमध्ये मी 'गुंतागुंतीचं अर्थकारण सोप्या शब्दांत' असं ठोकून दिलं होतं!) बाबांनी तो मला तीन मिनिटांत समजावला. एका बँकेला थोड्या दिवसांसाठी पैसे हवेत, ती दुसऱ्या बँकेला सरकारी रोखे विकते आणि ठरलेल्या दिवशी थोड्या जास्त किमतीला परत घेते. म्हणजे व्याजाने घेतलेली उसनवारीच, त्याला नाव रेडी फॉरवर्ड. मध्ये दलाल. रोखे प्रत्यक्षात हलवायचा व्याप नको म्हणून नुसती पावती द्यायची, ती बीआर, बँक रिसीट. आता पावतीमागे रोखेच नसले तर? बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह, या दोन छोट्या बँकांनी अशा पोकळ पावत्या दिल्या आणि त्यांच्या जोरावर मोठ्या बँकांचा पैसा दलालाच्या खात्यातून बाजारात गेला.

'भिशी समज,' बाबा म्हणाले. 'गोळा करणाऱ्याने पैसे पोचवायच्या आधी आठवडाभर रेसवर लावले. घोडा जिंकतोय तोपर्यंत कुणाला कळत नाही.'

कराडचं नाव ऐकून आई लाटणं घेऊन बाहेर आली. तिचं माहेर साताऱ्याचं. 'मला सगळं आठवतंय,' एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मार्केट वर जायला लागलं तसे बाबा गप्प झाले. सिरीजमधला हा सगळ्यात एन्जॉयेबल भाग. ती ट्यून, वरळीचं पेंटहाउस, लेक्सस गाडी, दोनशेचा एसीसी नऊ हजारांच्या घरात... आम्ही सगळ्यांनी २०२०मध्ये इथेच शिट्ट्या मारल्या होत्या. बाबांनी मात्र आकडे सांगायला सुरुवात केली. अगदी पाढे म्हटल्यासारखे.

'पंधरा जानेवारीला दोन हजार. फेब्रुवारी संपता संपता तीन हजार. तीस मार्चला चार हजार. बावीस एप्रिल, चार हजार चारशे सदुसष्ट.'

'काय हे, बाबा?'

'सेन्सेक्स. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घेतले.'

आमच्या घरात शेअर हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. फिक्स्ड डिपॉझिट, एलआयसी, पोस्टातलं आरडी... बस्स. आम्हाला वाटायचं, बाबा जरा जुन्या वळणाचे.

१९९१ला लग्न झालं तेव्हा आई-बाबा लालबागच्या एका खोलीत राहायचे, आजी आणि काकाबरोबर. मुलुंडला फ्लॅट बुक करायचा म्हणून पैसे साठवत होते. करी रोडवरून ठाण्याला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये बाबांचा पत्त्यांचा ग्रुप होता. जानेवारीपर्यंत त्या डब्यात मेंढीकोट चालायचा, मार्चमध्ये भाव चालायचे. रोज कुणीतरी किती कमावले ते सांगायचा. एकाने स्कूटर घेतली. ('बजाज नाही हं, कायनेटिक होंडा.' तेहतीस वर्षांनंतरही बाबांना मॉडेल आठवतंय.) बाबांनी तीन महिने कळ काढली आणि मग एका ओळखीच्या माणसामार्फत कापडाच्या कुठल्याशा कंपनीचे शेअर घेतले. फ्लॅटचे सगळे पैसे.

'किती?' छोटूने विचारलं.

'साठ हजार.'

आतून आवाज आला, 'अठ्ठ्याहत्तर. माझ्या पाटल्या धरून.'

मी आईच्या लग्नाचा अल्बम हजारदा बघितलाय. त्यात तिच्या हातात पाटल्या आहेत, खऱ्या हातात कधी नव्हत्या. लहानपणी विचारलं की उत्तर ठरलेलं, 'लॉकरमध्ये आहेत.' कुठल्या बँकेच्या, हे विचारायचं मला पत्रकार असूनही सुचलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तेवीस एप्रिलला बातमी आली. अठ्ठावीस एप्रिलला बाजार एका दिवसात जवळजवळ तेरा टक्के पडला. बाबांचा ओळखीचा माणूस आधी 'थांबा, वर येईल' म्हणत राहिला, नंतर म्हणेनासा झाला, कारण भेटेनासाच झाला. बाबांच्या नावावर झालेली सर्टिफिकेट्स पोस्टाने घरी आली जुलैमध्ये. तोपर्यंत घ्यायला कुणी नव्हतं. वर्षभरात सेन्सेक्स निम्म्यावर आला, आणि बाबांची कंपनी पुढे बंदच पडली. मुलुंड राहिलं. डोंबिवली झाली, तीही १९९९ला, कर्ज काढून. 'मुलुंडला काय सोनं लागलंय? इथे हवा बघ किती मोकळी आहे,' हे बाबांचं पेटंट वाक्य. आम्ही त्याची नक्कल करून हसायचो. हवा!

पडद्यावर तेव्हा पडझड चालू होती. बीएसईबाहेर गर्दी, घाबरलेले चेहरे, दोन-तीन सेकंदांचा शॉट. बाबा म्हणाले, 'थांबव.' मी पॉज केलं. गर्दीतल्या कुठल्याशा ज्युनिअर आर्टिस्टकडे त्यांनी बोट दाखवलं.

'मी तिथे गेलो होतो. रजा टाकून. आत कोण सोडणार? नुसता बाहेर उभा राहिलो आणि परत आलो.'

मग जरा वेळाने, 'छान केलंय काम. तो मुलगा तर अगदी हर्षदच वाटतो. पण सगळं त्याच्या गॅलरीतून दाखवलंय रे. खालच्यांना दोन सेकंद.'

मी रिव्ह्यूंचा धंदा करते. पाचशे शब्द लिहिले होते. अभिनय, पटकथा, संगीत, कलादिग्दर्शन, सगळ्याला एकेक पॅरा दिला होता. ही एक गोष्ट मला दिसली नव्हती. आजही ती सिरीज मला उत्तम वाटते, त्यात खोटं काही नाही. ती हर्षदला देव करत नाही, शेवटी तुरुंग आहे, ३१ डिसेंबर २००१चा ठाण्यातला मृत्यू आहे. पण दहा एपिसोडपैकी आपल्या लक्षात कुठले राहतात? जिथे ती ट्यून वाजते ते.

बाबा उठले, कपाट उघडलं आणि दोन फाइली घेऊन आले. एकीत प्लास्टिकच्या पिशवीत ती सर्टिफिकेट्स. जाड कागद, कडेला नक्षी, बाबांचं नाव टाइपरायटरवर. लग्नपत्रिकेपेक्षा देखणी! दुसरी फाइल आईची, माझ्या कात्रणांची. पहिलंच पान. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, '"प्रेक्षक हर्षदच्या प्रेमात पडल्याशिवाय राहणार नाहीत." साडेचार.'

'बाबा, तुम्ही हे तेव्हा वाचलं होतं?'

'तुझं पहिलं होतं ना. तीनदा वाचलं.'

'मग बोलला का नाहीत?'

'तू सात महिन्यांनी हसत होतीस.'

मला काही बोलताच येईना. छोटू पायाच्या नखांकडे बघत होता. बरं झालं, तेवढ्यात आईने पानं घेतली.

आता, हे सिनेमात असतं तर छोटूने तिथल्या तिथे बाबांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. त्याने वाद घातला. तेव्हा सेबीच्या हातात पुरते अधिकार नव्हते, आता आहेत. तेव्हा कागद होता, आता डिमॅट आहे. तेव्हा टिप होती, आता डेटा आहे. सगळं खरं आहे, मी काय बोलणार? बाबा एवढंच म्हणाले, 'मला काही हर्षदने फोन करून सांगितलं नव्हतं, घे म्हणून. मीच घेतले.' आणि दुसरी पोळी मागितली.

रात्री बाल्कनीत छोटूने मला त्याचा मोबाइल दाखवला. ऑप्शन्सचं खातं. दोन वर्षं. उणे दोन लाख चौदा हजार, त्यातले नव्वद मित्राकडून घेतलेले. मी त्याला सेबीचा सप्टेंबर २०२४चा अभ्यास सांगितला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास.

'म्हणजे मी अ‍ॅव्हरेज आहे,' तो म्हणाला. हसला नाही.

'मीच तुला ती बघायला लावली होती ना रे?'

'ताई, तू काय स्वतःला सुचेता दलाल समजतेस का? मीच उघडलं खातं.' बाबांचंच वाक्य, फक्त काळ वेगळा.

मित्राचे नव्वद हजार बाबा देणार, तीन लाख देणार नाहीत, असं रविवारी सकाळी चहाबरोबर ठरलं. ठरवलं आईने. छोटूचा पगार झाला की पहिले पंधरा हजार तिच्याकडे, वर्षभर, बिनव्याजी. अ‍ॅप त्याने माझ्यासमोर डिलीट केलं. ते परत डाउनलोड करायला एक मिनिट लागतं हे मलाही कळतं, आईलाही कळतं. म्हणून तर ती दर एक तारखेला त्याला फोन करते.

या महिन्यात ग्रुपमध्ये माझ्या तोंडून काहीच निघेना. नवीन कुठल्याशा क्राइम सिरीजबद्दल बँकरने विचारलं, 'किती स्टार?' मी म्हटलं, अजून बघतेय. खरंच बघतेय. नॉर्मल स्पीडने, रोज एक एपिसोड. संपादकांनी दोनदा मेल केलाय, त्यांना कसं सांगायचं ते बघू!

हो, रविवारी दुपारी आणखी एक झालं. 'स्कॅम १९९२' संपल्यावर टीव्हीने आपणहून पुढची 'स्कॅम २००३' सुचवली. बाबा चष्मा पुसत पडद्याजवळ गेले.

'यात काय आहे?'

'तेलगी. स्टॅम्प पेपरवाला.'

'तो आपल्या नाशिकच्या प्रेसवाला?' बाबा परत खुर्चीत बसले, पाय वर घेतले. 'लाव. यात आपलं काही नाही गेलं.'

'मुलुंडला बुकिंगच्या वेळी स्टॅम्प पेपर घेतला होतात,' आतून आई म्हणाली.

'अगं, तो ९२चा! तो खरा होता.'

'पेपर खरा होता,' आई म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली.